सुतळीची दुसरी गाठ

परभणीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन महिन्यांत बजरंगचं नाव झालं होतं, आणि ते काही फार चांगलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की बोनट उघडायला लावतं, टायरवर लाथ मारून बघतं, मीटर मागं फिरवलंय का म्हणून संशय घेतं. बजरंग यातलं काहीच करायचा नाही. तो खिशातून एक सुतळी काढायचा, तिचं एक टोक बुटाखाली दाबायचा आणि दुसरं गाडीच्या सीटपर्यंत ताणायचा. सुतळीला मधे एक गाठ होती. ती गाठ सीटच्या बरोबरीला आली नाही की सुतळी गुंडाळून खिशात, आणि बजरंग पुढच्या दुकानात.

ती गाठ होती त्याच्या आईच्या बाजेच्या उंचीची. बायनाबाई पंचाहत्तरीला आलेली. गुडघे असे की बाजेवर आपली आपण बसायची, आपली आपण उठायची. पण त्याहून चार बोटं उंच किंवा चार बोटं खाली काही असलं, की दोन माणसं लागायची. पाहुण्यांच्या उंच जीपमध्ये तिला एकदा चढवलं होतं. चढवताना जावई घामाघूम झाला आणि उतरवताना तिनं सगळ्यांना ऐकवलं, "पुन्यांदा मला या माडीवर चढवू नका." त्यानंतर ती घराबाहेर पडलीच नाही.

इकडं पूर्णेला तिची धाकटी बहीण सरजाबाई. तिचा नवरा रेल्वेत होता, त्याच्यामागं ती तिथंच राहिली. दोघी बहिणींची तीन वर्षांत गाठ नव्हती. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. दोघींनाही फोनवर विश्वास नसल्यामुळं त्या इतक्या मोठ्यानं बोलायच्या की फोन नसता तरी चाललं असतं. प्रत्येक फोनच्या शेवटी सरजाबाई विचारायची, "कवा येतीस?" आणि बायनाबाई म्हणायची, "बजरंगा गाडी बगायलाय." हे ऐकलं की बजरंग दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार गाठायचा. माणूस तसा तापट, बोलायला फटकळ, पण आईच्या बाबतीत लोण्याहून मऊ.

"साहेब, तुमी खेड्यात राहता," एका दुकानदारानं त्याला समजावलं होतं. "उंच गाडी घ्या. पोटाखालून धोंडा गेला पायजे."

"मला धोंडा न्हाई न्यायचा, माय न्यायचीय," बजरंग म्हणाला आणि निघाला.

शेवटी गाडी सापडली ती दुकानात नव्हेच. माणिकराव म्हणून कॉलेजात हेडक्लार्क असलेले एक गृहस्थ होते. निवृत्तीनंतर मुलाकडं पुण्याला निघालेले. त्यांची चंदेरी रंगाची, लांब, मागं ऐसपैस डिकी असलेली सेडान आठ वर्षं कापडाखाली झाकून ठेवलेली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. बजरंगनं दार उघडलं, सुतळी ताणली, आणि गाठ सीटच्या कडेला अशी बसली की त्यानं दोनदा मोजलं.

"हीच," तो बायकोला म्हणाला.

राजेश्रीनं डोळे वटारले. सौदा व्हायच्या आधी 'हीच' म्हणणारा नवरा तिला नवा नव्हता. लग्नाचा बस्ता बांधतानाही त्यानं हेच केलं होतं. पुढचा अर्धा तास तिनं एकटीनं खिंड लढवली आणि माणिकरावांकडून भाव बऱ्यापैकी खाली आणला. किल्ली देताना माणिकरावांचा हात जरा रेंगाळला. "बजरंगराव, एवढंच सांगतो," ते म्हणाले. "हिच्या पोटाला आजवर कायबी लागलेलं न्हाई."

"आमच्याकडंबी न्हाई लागणार," बजरंग छातीठोकपणे म्हणाला.

लागलं ते त्याच दिवशी, दुपारी चार वाजता, त्याच्या घरापासून तीस पावलांवर.

त्याचं गाव पोखर्णीच्या रस्त्याला, डांबरी सोडून दोन किलोमीटर आत. गावात सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा बजरंग ग्रामपंचायतीत मेंबर होता. रस्ता गुळगुळीत झाल्यावर पोरं मोटारसायकली उधळायला लागली आणि एक दिवस एका गाडीचं हँडल रस्ता ओलांडणाऱ्या बायनाबाईला घासून गेलं. ती मटकन खाली बसली. दोन बांगड्या फुटल्या, बाकी काही नाही. पण बजरंगची पाचावर धारण बसली. त्यानं दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराला धरलं आणि घराच्या अलीकडं गतिरोधक टाकायला लावला. गवंडी म्हणाला, झालं. बजरंग म्हणाला, अजून टाक. गवंडी म्हणाला, भाऊ, लय झालं. बजरंग म्हणाला, टाक म्हणतो ना. असं करत तो वीतभर उंच झाला, आणि या नालीपासून त्या नालीपर्यंत आडवा. त्या सबंध रस्त्यात सिमेंट पुरेपूर पडलं असेल तर ते तेवढ्या एका ठिकाणी, कारण तिथं बजरंग स्वतः उभा होता.

बजरंगच्या घरून बघितलं तर गतिरोधकाच्या पलीकडं, समोरच्या अंगाला सटवाजीचं घर. सटवाजी वयानं बजरंगहून पंधरा वर्षांनी मोठा, दुधाचा धंदा. मोटारसायकलीला दोन कॅन लावून तो रोज पहाटे गावातलं दूध गोळा करायचा आणि परत येताना त्या गतिरोधकावर रोज लोटाभर सांडायचा. "बजरंगा, जरा तासून कमी कर रे," तो सांगायला आला होता. "सावकाश चालवा की, काका," बजरंग म्हणाला होता. शब्दानं शब्द वाढला. सटवाजीची बायको सगुणाबाई आणि बायनाबाई रोज दुपारी सटवाजीच्या वट्ट्यावर डाळ नाहीतर ज्वारी निवडत बसायच्या, तेही त्या भांडणात बंद झालं. निदान बजरंगची समजूत अशी होती. नाहीतरी त्याच सुमारास आईचे गुडघे गेले, तेव्हा त्यानं फार मनावर घेतलं नाही.

तर चार वाजता नवी गाडी आली, हार घातलेली, आत बजरंग आणि राजेश्री. वट्ट्यावर सटवाजी बसलेला. पुढची चाकं चढली, उतरली, आणि मग पोटाखालून असा आवाज आला की बजरंगनं स्वतःचंच पोट धरलं.

"तुमी उतरता का मी उतरू?" राजेश्रीनं विचारलं.

"गाडी तू चालवतीस का?"

"शिकवली असती तर चालवली असती," असं म्हणून ती उतरली. गाडी हलकी झाली, तिरकी घेतली, आणि एकदाची कण्हत पार झाली.  सटवाजी फक्त तंबाखू मळत राहिला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

घरी मात्र आनंदीआनंद. ओवाळणं झालं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं फुटली. बायनाबाई चार पायांचा वॉकर सरकवत अंगणात आली, गाडीकडं पाठ करून उभी राहिली आणि बाजेवर टेकावं तशी मागच्या सीटवर टेकली. पाय आत घेतले. मग पाय बाहेर काढले आणि आपली आपण उठली. कुणाचा हात नाही, काही नाही. पुन्हा बसली, पुन्हा उठली. "आगं माय," ती म्हणाली, "माझी बाजच की रं ही!" बजरंगला रडू आलं आणि ते लपवायला तो उगाच काच पुसत बसला.

सकाळी पूर्णेला निघायचं ठरलं. सरजाबाईला फोन गेला. तिनं पुरणाची डाळ भिजत घातल्याचं सगळ्या आळीला ऐकू गेलं.

सकाळी बायनाबाई नवं लुगडं नेसून मागं बसली, राजेश्री पुढं, डिकीत भाजीपाला, आणि गाडी गतिरोधकावर जी टेकली ती टेकलीच. मागं घेतली. राजेश्री उतरली. पुन्हा टेकली. भाजी उतरवली. पुन्हा तेच. दुसरीकडून जावं तर पांदण, आणि काळ्या मातीत ही गाडी घालणं म्हणजे म्हैस डबक्यात सोडणं. उंच गाडी घ्या म्हणणारा दुकानदार बजरंगला आठवला. सीट जमिनीपासून किती वर, हे त्यानं दोन महिने मोजलं होतं. पोट किती वर, हे एकदाही नाही.

"माय, तू जरा उतर," तो म्हणाला. "एवढं पलीकडं चालत ये, मग बस."

बायनाबाईनं काचेतून त्या सिमेंटच्या बांधाकडं पाहिलं. "त्याच्यावरून? हे चार पायाचं घेऊन? पडले तर?"

"मग खुर्चीत बसवून नेतो. चार जणं बोलावतो."

"चार जणांनी उचलायचं ते एकदाच असतंय, बजरंगा," ती म्हणाली. "त्याची घाई करू नको. गाडी मागं घे."

ती घरात गेली, लुगडं न बदलता बाजेवर बसली आणि भिंतीकडं बघत राहिली. बोलली असती, रागावली असती तर बजरंगला परवडलं असतं.  त्यानं गोठ्यातली पहार घेतली आणि रस्त्यावर गेला.

पहिला घाव घातला तो हातालाच झिणझिण्या. दहा घाव घातले, खपली निघाली. आपण उभं राहून किती चोख काम करवून घेतलं होतं हे त्याला प्रत्येक घावाला कळायला लागलं. शर्ट भिजला, दम लागला. समोरच्या वट्ट्यावर सटवाजी तंबाखू मळत होता. त्याच्याकडं न बघता घाव घालणं हे पहारीपेक्षा जड काम होतं.

अखेर बजरंग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "चुकलं माझं."

सटवाजीनं तंबाखू दाढेत धरली. "चुकलं तर चुकलं. पन काम पक्कं केलतास बग." तो आत गेला आणि घण घेऊन आला. "पहारीनं काय होतंय याला? तू पहार धर, मी ठोकतो. बोटं संबाळ, माझा तुझ्यावर राग हाय अजून."

दोघांनी मिळून तासाभरात बांध फोडत आणला. बजरंग तर मुळापासून उखडायला निघाला होता, पण सटवाजीनंच थांबवलं. "थोडा राहू दे. पोरं गाड्या हाणतेतच की. किती ठिवायचा ते माप."

बजरंगनं खिशातून सुतळी काढली, अंगणात जाऊन गाडीशेजारी पालथा पडला आणि तिच्या पोटापासून जमिनीपर्यंत मोजून दुसरी गाठ मारली. मग त्या गाठीच्या निम्म्यापर्यंत बांध उतरवला, सटवाजीनं घमेल्यात वाळू-सिमेंट कालवून दोन्ही बाजूंनी उतार लिंपला आणि वर पोतं अंथरलं. "ओलं हाय," तो म्हणाला. "उद्या काढ गाडी." पुन्हा फोन, सरजाबाईचं पुरण एक दिवस पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई तेच नवं लुगडं नेसून बाहेर आली. बजरंगनं गाडी अंगणातून रस्त्यावर काढली, मागचं दार सताड उघडलं आणि दाराला हात लावून उभा राहिला. बायनाबाई वॉकर टाकत गाडीपाशी आली. दाराशी थांबली. आत बघितलं. आणि मग तशीच पुढं निघाली.

"माय, हिकडं! गाडी हिकडं हाय."

ती थांबली नाही. वॉकर उचलायची, टेकवायची, एक पाऊल टाकायची. तासलेल्या बांधापाशी आली. वॉकरचे पुढचे दोन पाय उतारावर टेकले, मग तिचं एक पाऊल, मग दुसरं. बजरंग धावायला निघाला, तर राजेश्रीनं त्याची बाही धरली. बायनाबाई पलीकडं उतरली, समोरच्या अंगाला वळली आणि सटवाजीच्या वट्ट्याला जाऊन पोचली.

सगुणाबाई सूप हातात घेऊन उभीच होती. "लय दिस लावले गं," ती म्हणाली.

"वाट बंद होती, सगुणा," बायनाबाई म्हणाली आणि वट्ट्यावर टेकली. सगुणाबाईनं सूप तिच्या मांडीवर दिलं, जणू काल दुपारीच अर्धवट टाकून उठल्या होत्या.

बजरंग गाडीचं दार धरून उभाच राहिला. आईला मोटारसायकलीपासून राखायला त्यानं तो बांध घातला होता. राखली होती खरी. चार वर्षं इतकी राखली होती की तिला तीस पावलांवरची मैत्रीण मिळाली नव्हती, आणि तिनं एका शब्दानंही त्याला ते जाणवू दिलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली. आणि तिकडं वट्ट्यावर दोघी म्हाताऱ्या कशावरून तरी खदखदून हसल्या, तेव्हा त्याला तितकंच बरंही वाटलं.

"ती आता तासभर उठत न्हाई," राजेश्री म्हणाली. "आन् उठली तरी एकटी न्हाई, सगुणाकाकूला घेऊनच उठती. मागं दोन बायका बसतेत ना?"

"तीन बसतेत."

"मग डिकीतली भाजी माझ्या मांडीवर द्या, मागं वजन नको."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. सरजाबाई होती. "निगाली का रं बायना?" तिचा आवाज सटवाजीच्या वट्ट्यापर्यंत गेला.

"निगाली, मावशी," बजरंग म्हणाला. "तीस पावलं आलीय चालत. बाकीची वाट गाडीनं आणतो."