पाऊण ओम

तो वायरमन, पण साऱ्या बाजारात त्याला मीटरबुवा म्हणत. तारेचं नवं भेंडोळं आलं की आधी त्याची दोन टोकं मीटरला लावायची, आकडा बघायचा आणि मगच कामाला हात घालायचा, असा त्याचा खाक्या. सासऱ्याने दिलेला पंखासुद्धा त्याने तपासून घेतला होता, आणि सासरा आठवडाभर फुगून बसला होता. फक्त दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, आणलेली तार त्याने उभ्या जन्मात मोजली नव्हती. दादाने आणलं म्हणजे चोख, विषय संपला.

आणि शिंपीणबाईंच्या दुकानात त्याने घातलेली नेमकी दादाचीच तार जळाली. दोन इस्त्र्या एकदम चालू होत्या, भिंतीतून धूर निघाला, निम्मं दुकान काळं पडलं आणि बाईंचा उजवा हात भाजला. उद्या चौकशी होती. मीटरबुवाचा परवाना जाणार हे जवळपास ठरलंच होतं, कारण दादाने वीज खात्याच्या साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, "धाकट्याने जोड ढिले ठेवले."

"दादाचा गैरसमज झाला असेल," मीटरबुवा बायकोला म्हणाला. तिने त्याच तारेचं उरलेलं, न फोडलेलं भेंडोळं त्याच्यापुढे आणून आपटलं.

शंभर मीटर तार, वेष्टनावर छापलेली जाडी, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा पाऊण ओम यायला हवा. आला सव्वा.

तार जास्त लांब असेल, त्याने मनाशी म्हटलं. लांबी वाढली की अडथळा वाढतो, एवढं सरळ आहे. दुकानदाराने चुकून जास्त दिली असेल. त्याने सगळं भेंडोळं अंगणात पसरून टेपने मोजलं. बरोबर शंभर भरलं.

मग त्याने टोक सोललं. बाहेरचं प्लास्टिक चांगलं गुबगुबीत, आत तांबं मात्र काडीएवढं. बारीक तारेतून तेवढीच वीज जायची तर ती तापणारच, हे तो शिकाऊ पोरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगायचा. दादाने केसाने गळा कापला होता.

तो तसाच सोललेली तार घेऊन दादाकडे गेला. "दादा, तुला ठाऊक होतं?"

दादाने तारेकडे पाहिलंही नाही. "स्वस्तात मिळाली."

"पण माझ्याच हातात दिलीस?"

"मग कुणाच्या देणार? दुसऱ्याने मोजली असती."

मीटरबुवा तार तशीच हातात धरून उंबरा ओलांडून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने भेंडोळं साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही आकडे सांगितले. साहेबांनी स्वतः मीटर लावून पाहिला, मग कामाचा कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, तार तपासून घेतली, आणि खाली त्याची सही होती.

"तुम्ही तर सगळ्यांची तार मोजता म्हणे. ही का नाही मोजलीत?"

शिंपीणबाई भाजलेला हात मांडीवर ठेवून समोरच बसल्या होत्या. मीटरबुवाला त्यांच्याकडे बघवेना.

"भावाने आणली होती," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.