अकरा ताटल्या

गॅसची टॉर्च फुसफुसत होती आणि बाबांना ती ऐकू येत नव्हती. ज्योत कधीच विझलेली, चावी उघडी, आणि बाबा हातभर अंतरावर बसून निवांतपणे सांध्याचा डाख घासत होते. चिमीने धावत जाऊन चावी फिरवली, खिडक्या सताड उघडल्या.

"काय गं, काय झालं?" बाबांनी मान वर केली.

"काही नाही. उकडतंय."

खोटं बोलायला तिथून सुरुवात झाली.

बाबा जुन्या धर्तीच्या स्टील गिटारी बनवत. अंग सगळं पत्र्याचं, वरून निकेलचा मुलामा, आणि पोटात कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमची एक खोलगट चकती. कारखान्यात तिला सगळे ताटलीच म्हणत. घोडी या ताटलीवर उभी, तारा घोडीवरून गेलेल्या. गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडी तारांवरून घसरवली की सूर एखाद्या बाईच्या गळ्यासारखा वळत जाई, आणि त्याच्या मागे पत्र्याची किंचित घरघर येई. त्या घरघरीसाठी लोक दीड दीड वर्ष वाट बघायला तयार असत. यंत्रावर ठोकलेल्या गिटारी आठवड्यात मिळत, पण त्यांच्यात ती नव्हती. चिमीला लहानपणी वाटे, गिटारच्या आत कुणीतरी बसलंय आणि त्याला थोडी सर्दी झालीय.

सगळी किमया ताटलीची. बाबा लेथवर साचा फिरवत, चकती त्यावर दाबत आणत, मग ताटली काढून कानाशी धरत आणि नखाने टिचकी मारत. जाडी मोजायचं गेज खणात पडून होतं. "ते पोस्टमास्तरला द्या, पत्रं मोजायला," म्हणत.

आणि चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडी चालवून त्यांच्या कानातले वरचे, बारीक आवाज निघून गेले होते. टिचकीतला जो झणका त्यांना हवा असे तो आता ऐकू येईना, म्हणून ते ताटली अजून थोडी पातळ करत. तरी येईना, मग अजून थोडी. त्यांच्या कानाला ताटली ठीक व्हायची तोवर इतरांच्या दातांतून कळ जायची. तीन गिटारी अशा गेल्या. तिसरी ऐकताना चिमीने मांडीवरचा रुमाल मुठीत गच्च धरला होता.

तिने भिंतीवरची पाच वर्षांपूर्वीची गिटार उतरवली, ताटली काढली, गेज लावलं. मग बाबा जेवून आडवे झाले की त्या जाडीच्या ताटल्या स्वतः दाबायला शिकली. पंचवीस फाटल्या, सव्विसावी जमली.

गिटार तयार झाली की त्या शनिवारी दुपारी बाबा ती मांडीवर घेत आणि चिमी समोरच्या स्टुलावर बसे. ते वाजवत. ती मान डोलवे. सोमवारी ती तारा उतरवून त्यांची ताटली काढी, स्वतःची बसवी, आणि गिटार आत्याच्या हवाली करी.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलामा चमकवणं आणि खोक्यात भरणं तिच्याकडे. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"किती दिवस चालवणार हे?" एकदा आत्याने विचारलं.

"सांगू का त्यांना?"

"खबरदार! बायको गेली तर माणूस सावरतो, पण ह्याचं हे गेलं तर हा भिंतीकडे तोंड करून बसेल. लहानपणी पतंग फाटला तर तीन दिवस जेवला नव्हता, माहितीये ना?"

"मग मी करते ते बरोबर?"

"मी कुठे बरोबर म्हटलं? मी फक्त सांगू नकोस म्हटलं." आत्याने फडकं झटकलं. "बरोबर-चूक देवाला विचार. मला खोकी भरायचीत."

चिमी रोज सकाळी हात जोडताना एवढंच मागे, की आजचा दिवस निभावू दे. त्यापुढचं मागायचं धाडस होत नसे.

असे आठ महिने निभावले. अकरा गिटारी गेल्या.

मग एका बुधवारी अकरावी गिटार घेऊन तिचा वादकच दारात उभा राहिला. नाचगाण्याच्या बँडमध्ये उभी हयात घालवलेला, पांढऱ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. घाईघाईने चिमीने खुर्ची पुढे केली.

"मुद्दाम भेटायला आलो," तो बाबांना म्हणाला. "हात बघायचे होते तुमचे. काय आवाज आहे हो! आमच्या बँडमधल्या पोरीने गेल्या वर्षी तुमच्याकडूनच घेतली. राग मानू नका, पण ती नुसती किंचाळते. आम्ही म्हटलं, संपला कारखाना. आणि आता ही! मध्यंतरी तुमचं काहीतरी बिनसलं होतं, ते आता ताळ्यावर आलं बघा."

आत्याच्या हातातलं फडकं थांबलं. बाबा हसले, पण डोळे हसले नाहीत.

"माझं काही बिनसलं नव्हतं," ते म्हणाले. "ताटली तीच. तेव्हाही, आताही. थांबा, दाखवतोच."

"बाबा, कशाला उघडताय? पाहुण्यांना चहा—"

"चहा होईल गं. स्क्रूड्रायव्हर दे."

तिने दिला. न देऊन काय करणार होती? बाबांनी तारा सैल केल्या, वरची जाळी उचलली, ताटली अलगद हातावर घेतली आणि अंगठ्याने मधोमध दाबली.

त्यांचा अंगठा तिथेच राहिला.

मग त्यांनी काठ चाचपला. ते स्वतः काठ नखाने मुडपत, चिमी पकडीने मुडपे. बघायचीसुद्धा गरज नव्हती. चिमीने टेबलाची कड धरली.

"हां," बाबा पाहुण्याला म्हणाले. "चांगली ताटली आहे."

त्यांनी ती होती तशी बसवली, तारा ताणल्या, गिटार पुसून हातात दिली. पाहुणा चहा पिऊन, दोन विनोद सांगून गेला. दाराशी जाऊन बाबांनी त्याला निरोपसुद्धा दिला.

परत येऊन ते लेथपाशी उभे राहिले.

"किती?"

"अकरा," चिमी म्हणाली.

"कधीपासून ऐकू येत नाही मला?"

"वरचं... वरचं येत नाही. दोन वर्षं तरी झाली असतील."

"अरे, पोरीने तुझ्यासाठीच केलं ना," आत्या मध्ये पडली. "तुझं नाव राहावं म्हणून दुपारची झोप सोडून—"

"ताई, तू गप्प बस. तूही त्यातलीच." बाबांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर चिमीला बरं वाटलं असतं. "ताटली बदललीस, समजू शकतो. पण शनिवारी समोर बसून मान कशाला डोलवत होतीस?"

ताटल्यांबद्दल तिने मनातल्या मनात शंभर उत्तरं तयार ठेवली होती. मान तिने हिशेबातच धरली नव्हती.

"त्या अकरा जणांना पत्र लिहा," बाबा म्हणाले. "ताटली माझी नाही, लेकीची आहे. नको असेल तर परत पाठवा म्हणावं."

"आणि खरंच परत आल्या तर?" आत्याने विचारलं.

"येऊ देत."

ते जेवले नाहीत. चिमीने पत्रं लिहिली. "माझ्या लेकीची" हे शब्द बाबांच्या वतीने अकरा वेळा लिहिताना तिच्या डोळ्यांना धार लागली. दोन कागद भिजले, ते पुन्हा लिहावे लागले.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी आले. लेथ सुरू केला. पहिली ताटली दाबून गिटारमध्ये बसवली, चिमीला समोर बसायला लावलं आणि वाजवली.

तिची मान सवयीने हलायला गेली.

"मान नको. तोंडाने बोल."

"नाही. टोचते."

बाबांनी ती काढून बाजूला ठेवली. दुसरी केली. "टोचते." तिसरी जरा जाड ठेवली. "आता दबली. डबा वाजल्यासारखी." चौथी, पाचवी. आत्या दोनदा पाणी ठेवून गेली, ते तसंच राहिलं. दुपार उतरू लागली तेव्हा बाबांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, आणि टाकलेल्या ताटल्यांची चवड टेबलावर वाढत चालली होती.

पुढची जवळजवळ जमली होती. अगदी थोडं टोचत होती, इतकं थोडं की परक्याला कळलंही नसतं. बाबा कांडी हातात धरून तिच्या ओठांकडे बघत होते. 'हो' म्हटलं की दोघं जेवायला उठणार होती.

"नाही," चिमी म्हणाली.

बाबांनी कांडी खाली ठेवली.

"एक सांग. आज तू खरं बोलते आहेस, की कालचा राग काढते आहेस? उद्या थकून 'हो' म्हणालीस, तर ते तरी खरं की मला उठवायला? मला हे कळणार कसं?"

शपथ घ्यावी, पाय धरावेत, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्यातलं काहीही मान डोलवण्यासारखंच झालं असतं.

"नाही कळणार, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. मग तारा सैल करायला घेतल्या, आणि ताटली काढता काढता, तिच्याकडे न बघता विचारलं, "कुठे टोचते? खालच्या तारेवर की वरच्या?"

"वरच्या दोन."

त्यांनी नवी चकती साच्यावर चढवली.