दाराबाहेर ठेवलेला उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. उजव्या पायाचा, किरमिजी रंगाचा, सहा नंबरचा. माझा डावा भाऊ इथेच शेजारी पडला आहे, पण तो फार सोशिक. त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. आज मला बोलायचंच आहे, कारण आत बैठकीत दिनानाथराव पुन्हा एकदा माझी गोष्ट खोटी सांगत आहेत.

एका मोठ्या कारखान्यात, गोंदाच्या वासात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून मी विरारच्या बाजारात आलो. मनोरमाबाईंनी मला दुकानात हातात घेतलं, वाकवून पाहिलं आणि विचारलं, "दगडावरून घसरणार नाही ना?" रंग आवडला की नाही, हे त्यांनी पाहिलंच नाही. मला तेव्हाच ही बाई पटली.

बाई आगाशीच्या. नवऱ्याची, म्हणजे दिनानाथरावांची, केळीची वाडी, आणि स्वतः तीस वर्षं शाळेत शिक्षिका. दर वर्षी त्या मुलांची सहल वसईच्या किल्ल्यात नेत. तटावर उभं राहून सांगत, "हा किल्ला बांधणारे पोर्तुगीज इथे जहाजातून आले, लिस्बन नावाच्या शहरातून." एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तिथनं निघताना त्यांना काय दिसत होतं?" बाईंना उत्तर आलं नाही. ते न आलेलं उत्तर त्यांनी निवृत्तीपर्यंत जपून ठेवलं. मग मुलगी कृतिका म्हणाली, "आई, तिकीट मी काढते. तुम्ही दोघं जाऊन या." तेव्हा बाईंनी ठरवलं की लिस्बनची नदी बघायची, जहाजं निघायची तो काठ बघायचा, आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बघायचा.

गुडघे दुखायचे हो त्यांचे. पण सहा महिने रोज सकाळी त्या मला घालून अर्नाळ्याच्या रस्त्यानं चालल्या. घाम यायचा, गुडघा कुरकुरायचा, तरी थांबल्या नाहीत. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं मला पुसायच्या. तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं असतं.

दिनानाथरावांनी काय सराव केला? काही नाही. निघायच्या आदल्या दिवशी कातड्याचे चकचकीत नवे बूट आणले. "परदेशात जायचं तर ऐटीत जायचं," म्हणाले.

लिस्बन हे चढउतारांचं गाव आहे. पायवाटा लहान लहान पांढऱ्या दगडांच्या, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. पहिल्याच दिवशी दिनानाथराव हातात मोबाइल धरून वीस पावलं पुढे निघाले. आगाशीतही ते असेच पुढे चालतात, पण तिथे बाईंना रस्ता ठाऊक आहे. इथे प्रत्येक कोपऱ्यावर ते दिसेनासे व्हायचे आणि पुढून ओरडायचे, "अगं, पाय उचल की जरा!"

"अहो, थांबा ना. ती भिंतीवरची निळी फरशी तरी बघू द्या."

"बघायला काय, फोटो काढलाय मी!"

नवरा नजरेआड जाऊ नये म्हणून धावणाऱ्या बाईला शहर कुठून दिसणार? तिला फक्त नवऱ्याची पाठ दिसली. नदी त्या दिवशी राहिलीच. दिनानाथराव दमले, म्हणाले, "उद्या."

आता नीट ऐका, कारण खोटेपणा इथून सुरू होतो. भाड्याच्या खोलीच्या दाराशी आल्यावर दिनानाथराव म्हणाले, "बूट बाहेर. घरात आणायचे नाहीत."

बाई म्हणाल्या, "अहो, इथे कोणाच्याच दारात चपला नाहीत. बघा तरी."

"आपल्याकडे असतात ना? पद्धत ती पद्धत."

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं आम्हा दोघांना जिन्यात भिंतीशी ठेवलं. आणि स्वतःचे नवे बूट? ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत घेतले! "महागाचे आहेत, कोणी उचलेल." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! आगाशीत दाराबाहेरची चप्पल म्हणजे घरात माणूस आहे. तिथे मात्र जिन्यातला जुना बूट म्हणजे कचरा. सकाळी जिना झाडणारी बाई आली, तिनं आम्हाला उचललं आणि काळ्या पिशवीत, रद्दी कागदांच्या वर टाकलं. तिचा काय दोष? पिशवी तिनं खाली रस्त्यालगत, आमच्याच खिडकीखाली ठेवली. खोली पहिल्याच मजल्यावर होती, त्यामुळे वरचं सगळं मला ऐकू येत होतं.

"बूट कुठे गेले माझे?"

"मला काय माहीत? तुला नीट ठेवायला काय झालं होतं?"

मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला त्या पिशवीत कळली. ठेवले कोणी? हिनं ठेवले? चोराच्या उलट्या बोंबा!

"आता त्या बाथरूमच्या स्लिपरवर कुठे चालणार तू? पडशील, हाड मोडेल. तू आज घरीच बस. मी नदीवर जाऊन फोटो काढून आणतो," असं म्हणून ते खरंच एकटे निघून गेले. माझ्या पिशवीला लागून गेले. सहा महिने रोज चालली ती बाई काय फोटो बघायला?

मग जिन्यात रबरी स्लिपरची चटचट ऐकू आली. बाई हळूहळू खाली उतरल्या आणि खालच्या दाराशी झाडणाऱ्या त्या बाईसमोर उभ्या राहिल्या. भाषा येत नव्हती. त्यांनी स्लिपर काढून पाय दाखवला, मग वरच्या दाराकडे बोट केलं. त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला. धावत येऊन तिनं पिशवी उलटी केली, आम्हाला स्वतःच्या एप्रनला पुसलं आणि बाईंचा हात धरून काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. माफीच मागत असणार. जिची चूक नव्हती तिनं मागितली बघा.

बाईंनी नाड्या घट्ट बांधल्या आणि वर न जाता त्या तशाच निघाल्या. हातात मोबाइल नव्हता. त्यांनी रस्त्याचा उतार पाहिला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "वाडीत पाणी सोडलं की खालीच जातं. नदीही खालीच असणार." वाडीत पाट काढलेल्या बाईला नकाशा कशाला हवा? मी एकेक दगड घट्ट धरला. बाई चालल्या, थांबल्या, निळ्या फरश्यांवरून हात फिरवला, एका म्हातारीच्या खिडकीतला पोपट पाहिला. पाऊण तासानं समोर नदी आली, समुद्राएवढी रुंद. बाई काठच्या पायरीवर बसल्या, पदराआडच्या बटव्यातून घरचं सुकेळं, वाडीतलं वाळवलेलं केळं, काढलं आणि खाता खाता रडल्या. मीही रडलो असतो, पण बुटाला ती सोय नाही.

परत आलो तर दिनानाथराव जिन्यात बसलेले. किल्ली बाईंकडे होती. नकाशा धरून ते भलत्याच टेकडीवर चढले होते आणि नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. उरलेले दिवस त्यांनी कोमट पाण्याच्या बादलीत पाय बुडवून काढले. बाई मात्र रोज एकट्या हिंडल्या. आणि मी रोज खोलीच्या आत झोपलो.

यालाही दीड वर्ष झालं. आता माझा तळ उघडा पडला आहे, पडवीतल्या मांडणीत कोळ्यानं जाळं विणलं आहे. त्याचा राग नाही. राग याचा येतो की पाहुणा आला की दिनानाथराव सांगतात, "हिनं बूट बाहेर ठेवले आणि गेले की कचऱ्यात! मग मीच हिला नदी दाखवली." सगळे हसतात, आणि बाई चहा देतात. किती वेळा मनात ओरडलो, बाई, बोला की!

आज गावातलाच मर्विन आणि त्याची बायको उर्सुला आले आहेत. तेही लिस्बनला जाणार, म्हणून माहिती विचारायला. दिनानाथरावांनी गोष्ट सांगितली, मर्विन हसला. उर्सुला हसली नाही. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी आहे.

"बाई," तिनं विचारलं, "मी किल्ल्यात विचारलं होतं ना तुम्हाला? तिथनं निघताना त्यांना काय दिसत होतं?"

दीड वर्षात हे कोणी विचारलंच नव्हतं. बाईंनी कपबश्या खाली ठेवल्या.

"पाणी, उर्सुला. नदी समुद्राला मिळते तिकडे पाहिलं की पलीकडे काही दिसत नाही, नुसतं पाणी. तरी निघाले." मग बाई खुर्ची ओढून बसल्या. "मी एकटी गेले होते बघायला. बूट यांनी बाहेर ठेवले होते. नदी यांनी अजून पाहिलेली नाही."

आत कोणीही हसलं नाही. दिनानाथराव खोकले, पण गोष्ट पुढे गेली नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझा तळ कोणीतरी शिवून द्या, बाईंना अजून चालायचं आहे. घरातलं कोणी मागून येत असेल तर कोपऱ्यावर उभं राहून ओरडू नका, परत जा आणि सोबत चाला. आणि बूट बाहेर ठेवायचे असतील तर दोघांचे ठेवा.