शिट्टीच्या आधी

सुरू होण्याआधी

दुपारपासून आम्ही कठड्याला चिकटून उभे होतो, मी आणि ढोल्या, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा. ती दादाची. दादा येणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. पण तिकिटं तीन काढली होती, आणि तिकीट आहे तर जागाही हवी, असं ढोल्याचं म्हणणं. मागून कुणी रेटलं की तो कोपर बाहेर काढायचा.

ढोल्या दादाचा मित्र, लिफ्ट दुरुस्त करतो. पूर्वी आमच्या माळ्यावर दादा गायचा आणि हा ड्रम बडवायचा, म्हणून ढोल्या. तेव्हा काडीसारखा होता, पुढे नावाला जागला. मी कवळ्या बनवते, दातांच्या डॉक्टरांसाठी. दादा आता काहीच करत नाही. घशातलं जे काढायचं होतं ते काढलं, त्याबरोबर आवाजही गेला, आणि जे काढून संपत नाही ते राहिलं. फोनवर तो नखाने बोलतो. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

दिवसभर औषधाच्या गुंगीत असतो. म्हणून बेत असा ठरला: शेवटचं गाणं लागलं की मी फोन लावायचा. हा बँड शेवटी एकच गाणं म्हणतो, आम्ही शाळेत होतो तेव्हापासून. दिव्याचं गाणं. ते दादाचं. संध्याकाळची गोळी वहिनी उशिरा देणार. तेवढा वेळ दुखेल, पण जाग राहील.

"सोसेल का रे?" मी सकाळी विचारलं होतं.

टक.

कुठल्या गावात कुठली गाणी झाली, ते हल्ली सगळं फोनवर आधी बघता येतं. आम्ही बघत नाही. ती दादाची शपथ. "पान वाढायच्या आधी पातेल्यात कोण डोकावतं? हावरट," असं म्हणायचा, बोलत होता तेव्हा.

ऊन अजून होतं. हे लोक आता उजेडातच सुरू करतात, वयं झाली. शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई घडीचं स्टूल टाकून बसली होती. तिने मधल्या जागेकडे बोट केलं.

"इथे कुणी आहे का?"

"आहे," ढोल्या म्हणाला.

"कुठे आहे?"

"येईल हो. तुम्ही बसा ना, गुडघा सांभा—"

पहिलं गाणं

ड्रम नाही. दिवे नाहीत. गायक एकटाच आला, एक हात खिशात, जणू कुणाच्या घरी चहाला आलाय, आणि माईकशी उभा राहून त्याने दिव्याचं गाणं उचललं, आणि पहिल्या ओळीला सगळं मैदान एकदम श्वास घेतं तसं झालं, माझ्या हातावर काटा आला, ढोल्याने माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे नंतर निळं पडलं, मागचा टकला माणूस मोठ्याने रडत होता आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसत होतो, कधीच्या ओळखीचे असल्यासारखे, आणि मी गात होते, तोंड फाडून, बेसूर, सगळे शब्द, आणि मला वाटत होतं की हे संपूच नये, एवढंच, दुसरं काही नाही.

पहिलं कडवं संपेपर्यंत मी दादाला विसरले होते.

मग फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये

"उचलला?"

"नाही."

"अगं पण हे पहिलं कसं काय? हे शेवटी असतं."

"शेवटी परत म्हणतील."

"नाही म्हणत," स्टुलावरची बाई म्हणाली. "आता सगळीकडे हे पहिलंच. नंतर आवाज चढत नाही ना त्याचा. तुम्ही बघितलं नव्हतं?"

"आम्ही बघत नाही," ढोल्या म्हणाला.

"का बरं?"

ढोल्याने तोंड उघडलं आणि

दुसरं गाणं

ड्रम.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये

वहिनीचा फोन. "अगं, मी आवाज बंद करून ठेवला होता. ह्यांचा डोळा लागलाय, म्हटलं आत्ता झोपले तर मग जागे राहतील. काय झालं?"

"काही नाही. चुकून लागला."

"सुरू झालं?"

"झालं."

"मी दाढी करून दिली ह्यांची. आणि तो काळा शर्ट हवा म्हणून हट्ट. अंगात राहतो कुठे आता, पण घातला. बरं, तू ऐक. शेवटच्याला करशील ना?"

"करते."

तिसरं, चौथं, पाचवं

लाज वाटावी इतकी मजा येत होती. वाईट तर तेच होतं. ढोल्या दोन्ही हातांनी कठड्यावर ड्रम वाजवत होता आणि मधेच त्याला आठवायचं, हात थांबायचे, आणि पुन्हा आपोआप चालू व्हायचे.

पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये

"धाकटे, ऐक. माझ्या फोनमध्ये ते जुनं रेकॉर्डिंग आहे. मैदानातलं. गर्दीसकट. तेच वाजवू."

"वेडा आहेस का? त्यातला खोकलासुद्धा पाठ आहे त्याला."

होताच. त्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या कडव्याच्या आधी गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारतं. माळ्यावर ऐकताना दादा त्या शिट्टीच्या आधी नखाने पेल्यावर तीनदा वाजवायचा. टक टक टक, की शिट्टी. आम्ही त्याचे डोळे बांधून पाहिले, मधेच त्याच्याशी बोलून पाहिलं. कधी चुकला नाही.

"फोनवर काय कळतंय? खरखर तर असते."

"आणि ह्या गायकाचा 'स' ऐकलास आज? वरचे सगळे दात नवे आहेत. हवा सुटते. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचे स्वतःचे दात होते."

"अगं, दातांचं काय घेऊन बसलीस? मग दुसरं काय ते तू सांग. त्याला सांगशील, गाणं झालं, आम्ही नाचत होतो?"

सहावं गाणं

ह्या गाण्यात मी काहीच ऐकलं नाही.

शेवटच्या नंतर

बँड आत गेला, लोकांनी ओरडून परत बोलावला, त्यांनी एक धावतं गाणं फेकल्यासारखं वाजवलं, हात हलवले आणि गेले. आम्ही दोघं मंचाकडे बघत उभे. एक माणूस येऊन तारा गुंडाळायला लागला. तेव्हा वहिनीचाच फोन आला.

"अजून नाही का सुरू झालं? ह्यांना उशीला टेकवून बसवलंय. घाम फुटलाय गं नुसता, पण गोळी पुढे केली की हात झटकतात. आधी गाणं."

ढोल्याने त्याचा फोन काढलाच होता. मी मान डोलावली.

"वहिनी, होतंय सुरू. लाव त्याच्या कानाला."

मी फोन कानाला धरला, ढोल्याने त्याचा फोन माझ्या तोंडाजवळ. तो माझ्यापेक्षा उंच, म्हणून गुडघ्यात वाकून उभा राहिला. बाईने स्टूल मिटलं, आमच्याकडे पाहिलं. दादाच्या जागेवर येऊन वाऱ्याला पाठ करून उभी राहिली.

गाणं सुरू झालं. स्वतःचे दात असलेल्या माणसाचं.

फोनमध्ये दादाचा श्वास ऐकू येत होता. मानेतल्या नळीतून येतो तो, मांजर झोपल्यासारखा. पहिली ओळ, दुसरी. श्वास तसाच. खोकला आला, गेला. मला वाटलं, खरखर असेल. मला वाटलं, दुखतंय त्याला, दुखताना माणूस इतकं बारीक कशाला ऐकेल? पहिलं कडवं संपलं. ढोल्या भुवया उंचावून विचारत होता. मी अंगठा वर केला.

टक टक टक.

शिट्टी.

ढोल्याला ते ऐकू गेलं नाही. फोन माझ्या कानाला होता.

पुढचं कडवं सगळं वाजलं, आणि त्याच्या पुढचंही. मधेच थांबवावं असं मला वाटलं, पण थांबवून काय सांगणार होते? त्यानेही फोन बाजूला केला नाही. शेवटी रेकॉर्डिंगमधली माणसं ओरडली, खूप वर्षांपूर्वीची, आणि ढोल्याने बटण दाबलं.

"दादा," मी म्हणाले. "आलं ऐकू? छान झालं ना?"

नळीतून एक लांब श्वास आला.

टक.

मग वहिनी आली. "ऐकलं हं सगळं. डोळे मिटून ऐकत होते. आता देते गोळी. तुम्ही सावकाश या." आणि फोन ठेवला.

ढोल्या गुडघे धरून सरळ झाला. "कळलं का त्याला?"

"नाही," मी म्हणाले.

"बघ. म्हटलं नव्हतं मी?" त्याने बाहीने डोळे पुसले आणि तो हसला. "दातांचं म्हणे."

कठडा सोडवायला माणसं आली होती. आम्ही बाजूला झालो.