चंद्राची खोटी साक्ष

मी दुर्बीण बोलतेय. एका नळीची, पितळी कड्यांची. मला बिचारी समजू नका. माझ्यामुळे एका सरळ माणसाची मान खाली गेलीय.

जुन्या सामानाच्या ढिगातून मला लुकमानभाईंनी उचललं. काळा अमेरिकन माणूस, मोटारींच्या कारखान्यात हाडं झिजवलेला, विशीत मुसलमान झालेला. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या आमच्या मशिदीत सगळी दुनिया एका रांगेत उभी राहते, पण ईद कधी यावर एकमत होईल तर शपथ! बोस्नियाच्या सेनादाबाई छापील कॅलेंडर मानायच्या, सीरियाचे डॉक्टर मुनीर मक्केहून येणारी बातमी, आणि लुकमानभाई फक्त आभाळ.

"शोधा तुम्ही चंद्र," सेनादाबाई म्हणायच्या, "तोवर माझी ईदची मिठाई, बकलावा, शिळी होते!"

डॉक्टरांचं बोलणं मात्र बोचायचं. "तुम्ही कालचे मुसलमान, तुम्हाला काय कळतंय?"

"चाळीस वर्षं झाली, डॉक्टर. तेव्हा तुम्ही या देशातही नव्हता."

गेल्या वर्षी इमामांनी ठरवलं, डोळ्यांनी दिसेल तोच चंद्र खरा. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी लुकमानभाईंनी मला पार्किंगच्या गच्चीवर कठड्याला टेकवलं. आठवड्यापूर्वीच मी गाडीच्या टपावरून पडले होते. आतल्या काचेला नखाएवढी वाकडी चीर गेली होती. मावळतीचा उजेड नेमका तिच्यात चमकला.

"दिसला!" लुकमानभाई ओरडले.

मला ठाऊक होतं तो चंद्र नव्हे. मला वाचा नाही, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, मी सुखावलेही होते. पहिल्यांदाच सगळ्यांनी त्यांचा शब्द मानला. डॉक्टरांनी मिठी मारली. दुसऱ्या दिवशी कोणी रोजा धरला नाही, ईद झाली.

त्याच संध्याकाळी आनंदाने त्यांनी मला पुन्हा डोळ्याला लावलं. चंद्र दोन! हात हलवला, तसा एक जागेवर राहिला आणि दुसरा माझ्याबरोबर सरकला. त्यांनी मला दिव्यापुढे धरून आत पाहिलं, आणि चीर त्यांना दिसली.

शुक्रवारी ते भर मशिदीत उभे राहिले. मी त्यांच्या खिशातच होते. "माझी साक्ष चुकली. माझ्या शब्दावर तुमचा एक रोजा बुडाला. तो भरून काढा, आणि मला माफ करा."

माझ्या चिरेबद्दल चकार शब्द नाही.

"म्हटलं नव्हतं?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

"गप्प बसा!" डॉक्टर गरजले. "मी घरात बायकोपुढे चूक कबूल करत नाही, हा माणूस इथे करतोय. लुकमानभाई, पुढच्या वर्षीही तुम्हीच बघायचं. फक्त ती दुर्बीण घरी ठेवा."

सगळे हसले. लुकमानभाई हसले नाहीत.

तेव्हापासून मी दाराजवळच्या खणात आहे. यंदा रमजान संपत आला तेव्हा डॉक्टर स्वतः लुकमानभाईंना चंद्र बघायला न्यायला आले. मी आतून ऐकलं.

"तुम्ही जा," लुकमानभाई म्हणाले, "मला आता नीट दिसत नाही."

धडधडीत खोटं! सकाळीच चष्म्याशिवाय त्यांनी सुईत दोरा ओवला होता. कोणीतरी जा हो, त्या डॉक्टरांना गाठा. म्हणावं, लुकमानभाईंचे डोळे शाबूत आहेत, हात धरून ओढत न्या त्यांना. गुन्हा माझा होता.