बसलेल्या आईची उंची

रुंदी : पंचवीस इंच

खुर्चीची, चाकांसकट. व्हॅनच्या सरकत्या दाराची एकतीस. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सुटतात, शिलाईत दाब सोडतात तसे. एवढं वहीत लिहिलं आणि व्हॅन माझ्या मनात भरली. जुनी आहे, बेकरीवाल्याने विकायला काढलेली आहे, आत बसलं की भाजलेल्या पावाचा वास येतो. ट्रॉली चढवायला त्याने मधल्या सीटा काढून पत्र्याची घसरण लावून घेतलेली. म्हणजे खुर्ची सरळ आत. आईला कुणी उचलायला नको.

वही आमच्या शिलाईच्या दुकानातली. चाळीस वर्षं आईने तिच्यात अख्ख्या गल्लीचे खांदे, कंबरा आणि बाह्या लिहिल्या. आठ महिन्यांपूर्वी ती जिन्यावरून पडली, पाय गेले, दुकान माझ्याकडे आलं. दवाखान्यातून घरी आणताना टॅक्सीवाल्याने तिला उचलून सीटवर टाकलं. घरात शिरल्यावर ती म्हणाली, "मी कापडाचा तागा नाही. आता या दाराबाहेर पडायची नाही मी."

आणि पडली नाही.

लांबी : मोजायची राहिली

कारण मेकॅनिकने मध्येच तोंड घातलं. नवऱ्याचा मावसभाऊ. सगळे त्याला नकोबा म्हणतात. तो लग्नाला हो कसा म्हणाला, हे त्याच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही.

व्हॅन आमच्या दारात उभी होती. नकोबाचे फक्त पाय दिसत होते.

"नको," गाडीखालून आवाज आला.

"अरे, आत्ता तर खाली गेलास."

"पुरे झालं तेवढं. गंज आहे. दार रुळावर अडतंय. नको, वहिनी."

"आणि इंजिन?"

खालून पाना दोन-तीनदा वाजला.

"इंजिन चांगलंय," चोरी पकडल्यासारखा तो म्हणाला.

बेकरीवाला खूश. "बारा वर्षं रोज पहाटे निघाली ही. एकदा रुसली नाही."

उंची : छत्तीस इंच

दाराची सत्तेचाळीस. अकरा इंच मोकळे! मी धावत आत गेले. आई म्हणाली, उंबऱ्यातून बघते, बघायला काय जातंय. उंबऱ्यावरून मी खुर्ची अंगणात घेतली, अंगणातून घसरणीवर. तिने अडवलं नाही. मी जीव मुठीत धरून ढकलत होते.

दाराची वरची कड तिच्या कपाळाशी आली. खुर्ची थांबली.

उंची : पुन्हा

"माप कुणाचं घेतलंस?" आई.

"खुर्चीचं."

"रिकाम्या खुर्चीचं?"

मी वही उघडून आकडा पुन्हा बघितला.

"हँगरचं माप घेऊन सदरा शिवलास तू."

"मी आधीच म्हटलं होतं, नको," नकोबा पुटपुटला.

खुर्ची मागे घेतली. तिचं माप बघायला वही चाळली. गल्लीतली सगळी होती.

"आई, तू कुठल्या पानावर आहेस?"

"माझं कशाला लिहायचं? मला माहीत आहे मी केवढी ते."

मग मी तिचं माप घेतलं. जमिनीपासून डोक्यापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा. भांगातले केस किती विरळ झालेत ते टेप टेकवताना कळलं.

"ताठ धर टेप. आणि श्वास कशाला रोखतेस? तुझं माप नाही घ्यायचं."

पन्नास. दारापेक्षा तीन इंच जास्त.

"राहू दे," मी म्हटलं. "दुसरी बघू एखादी." आणि खुर्ची घराकडे वळवली. तिने चाक घट्ट धरलं.

"आतलं छत किती आहे?"

ते कुणीच मोजलं नव्हतं. नकोबा टेप घेऊन आत चढला. "बावन्न. काकू, दोन इंच सुटतात."

"ढकल मला."

"अगं, पण मान—"

"चाळीस वर्षं मशीनवर मान खाली घालूनच बसले ना? दारापुरती आणखी एकदा घालीन. माझी मी. कुणी दाबून नाही."

सुईत दोरा ओवताना वाकवायची तशी तिने मान वाकवली. मी ढकललं. दाराची कड केसांवरून गेली. आत गेल्यावर तिने डोकं वर केलं आणि छताकडे, खिडक्यांकडे, मग समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

बेकरीवाल्याने दार ओढलं. ते अर्ध्यावर अडलं. आम्ही सगळे नकोबाकडे बघायला लागलो.

"रूळ बदलावा लागेल," तो म्हणाला. "रविवारी येतो. गंजाचंही बघतो."

"म्हणजे घ्यायची?"

"मी नको म्हटलं का?"

"तीनदा."

"ते खालून बघून म्हटलं होतं."

आईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "दुकानाचं दार किती रुंद आहे गं?"

कधी मोजलंच नाही म्हणून मी मान हलवली.

"उद्या मोजून ये. आणि खुर्चीत कुणालातरी बसवून मोज. आण ती वही."

नव्या पानावर मी लिहिलं होतं : आई, बसून, पन्नास.

तिने पेन्सिल घेतली आणि खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं : मान खाली घालून, सेहेचाळीस.