पाठीमागे बघणारा

टेबलाभोवती आठ माणसं होती. पाच खात्याची, तीन मूल्यमापकांच्या संघटनेची. पाण्याच्या बाटल्या आठ, पेनं आठ आणि मधोमध एकच लेझर यंत्र, चष्म्याच्या घराएवढं. संघटनेच्या तिघांपैकी ती एक. राग आला की असं मोजत सुटायची. दादा म्हणूनच तिला फुटपट्टी म्हणायचा.

"बटण दाबलं की अंतर हजर," खात्याचे साहेब यंत्र उचलून म्हणाले. "मग एक मालमत्ता मोजायला दोन माणसांची फी सरकारनं का द्यायची?"

"भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही, साहेब," ती म्हणाली.

"मग संध्याकाळी मोजा."

त्यांच्या बाजूचे दोघे हसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं हसणं. तिनं बाटलीचं झाकण घट्ट पिळलं.

ती आणि तिचा भाऊ वर्षानुवर्षं सरकारसाठी घरं, गोदामं, दुकानं मोजत आले होते. एकानं फितीचं शून्य धरायचं, दुसऱ्यानं आकडा वाचायचा. गेल्या वर्षी खात्यानं फीमधून दुसरा माणूस काढून टाकला. मग पोट भरायचं तर दोघांनी दोन ठिकाणी जाणं आलं. दादा एकटाच एका गोदामाच्या गच्चीवर चढला. ऊन रणरणत होतं, यंत्र काही दाखवेना. त्यानं फितीचं टोक खिळ्याला अडकवलं आणि ती सोडत सोडत मागे चालत गेला. गच्चीला कठडा नव्हता.

"फीत धरणारा नुसती फीत धरत नाही," ती म्हणाली. "आकडा वाचणारा उलटा चालतो, त्याची नजर फितीवर असते. त्याच्या पाठीमागे दुसरा बघतो. त्या बघण्याचे पैसे मागतोय आम्ही."

"तुमच्या भावाचं वाईट वाटलं," साहेब म्हणाले. "पण निष्काळजीपणाला खातं काय करणार?"

ती काही बोलणार, तोच संघटनेच्या अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची सुट्टी मागितली.

अध्यक्षांना सगळे काका म्हणत. व्हरांड्यात त्यांनी तिला खांबाआड घेतलं. मागोमाग खजिनदार आला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

"बारा टक्के वाढ देतायत," काका म्हणाले. "दुसऱ्या माणसाचा हट्ट सोडला तर आजच सही."

"आणि गच्चीवर एकटंच चढायचं?"

"जपून चढायचं."

"काका, तुम्ही शेवटचे कधी चढलात?"

"तोंड सांभाळ, पोरी. चारशे सभासदांच्या चुली आहेत माझ्या डोक्यावर. बोलणी अडल्यापासून सहा महिने नवी कामं बंद आहेत. किती दिवस उपाशी ठेवू त्यांना?"

"दादाचं नाव सांगून चर्चेला बसलात. पहिल्या दिवशी टेबलावर मूठ आपटलीत."

"म्हणून तर बारा मिळाले," काका म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं असावं.

सुट्टीनंतर कागद यायला वेळ लागला नाही. तो आधीच टाइप केलेला होता. काकांनी सही केली, खजिनदारानं केली. साहेबांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

"माझ्या सहीवाचून अडतंय का?"

"तसं नाही. नियमानं दोन पुरतात."

"मग दुसरी तरी कशाला घेतलीत?" ती म्हणाली. "एका माणसात भागतं ना?"

तिनं पेन होतं तिथेच राहू दिलं आणि ती उठली. खुर्ची मुद्दाम सरकवली नाही, तरी तिचा आवाज झाला.

घरी दादा कॉटवर पाय लांब करून बसला होता. कुबड्या भिंतीला टेकलेल्या.

"काय फुटपट्टी, काय आणलंस?"

"बारा टक्के."

"आणि माझी जागा?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"काकांनी सही केली?"

"सगळ्यात आधी."

"मला दवाखान्यात रोज शहाळं आणायचे ते," दादा म्हणाला. मग आवाज बदलून म्हणाला, "ते जाऊ दे. बूटवाल्याचा फोन होता. डाव्या बुटाची टाच किती वाढवायची, विचारतोय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"अंदाजे इंचभर. अंदाजे म्हणे! आपण कधी कुणाला अंदाजे सांगितलंय?"

तिनं पिशवीतून फीत काढली. शून्याच्या टोकाशी खिळ्याचा गंज अजून लागलेला होता. तो तिनं पदरानं पुसला आणि टोक त्याच्या हातात दिलं. कमरेच्या हाडावर त्यानं ते घट्ट धरलं. ती फीत ताणत घोट्यापर्यंत आली आणि वाकली.

"हलू नकोस."

"मी धरलंय. तू वाच."

तिनं दोनदा वाचलं. उजवा पाय सत्त्याऐंशी सेंटिमीटर चार मिलिमीटर. डावा चौऱ्याऐंशी सेंटिमीटर एक मिलिमीटर. फरक तीन सेंटिमीटर तीन मिलिमीटर, इंचाहून बराच जास्त.